शब्दाला लागणारं व्होल्टेज

मीटर खरं बोलतो की खोटं, हे मीटरला विचारायचं नसतं. वीज मीटर तपासायच्या प्रयोगशाळेत एकोणीस वर्षं काढल्यावर हा नियम माझ्या अंगात मुरला आहे. संशय आला की शेजारी खात्रीचा मीटर लावायचा, दोघांतून एकच वीज सोडायची आणि तोंड बंद ठेवून आकडे लिहायचे. कामावर मी हा नियम कधी मोडला नाही. घरात मोडला, आणि त्याचा परिणाम दहा हजार माणसांनी पाहिला.

माझे वडील सर्जेराव खराडे. आम्ही त्यांना आण्णा म्हणतो. पलूसपासून खानापूरपर्यंत कुठल्याही यात्रेत कुस्त्यांचं मैदान भरलं की निवेदनाला आण्णा हवेतच. छत्तीस वर्षं त्यांनी माइक सोडला नाही. दुपारी तीनला बोलायला लागायचे, ते शेवटची कुस्ती सुटेपर्यंत. कोण कुणाचा पठ्ठा, कुठल्या तालमीत घाम गाळलेला, आता पट काढणार की ढाक लावणार, सगळं जिभेवर. मागं बसलेल्याला आखाडा दिसला नाही तरी कुस्ती ऐकून समजायची. आणि त्यांचा एक बाणा होता. पाठ मातीला लागलेली स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्याशिवाय ‘झाली कुस्ती’ हे दोन शब्द तोंडातून काढायचे नाहीत. पंचांचा हात कधी चुकला असेल, आण्णांचा शब्द चुकला नव्हता.

हाच माणूस घरी दिवसभर आईला छेडायचा. आई विचारायची, "अवं, भाजीत मीठ बरोबर हाय का?" आण्णा घास गिळायच्या आत म्हणायचे, "मिठात भाजी कमी पडलीया." आई म्हणायची, "मग उद्यापास्नं तुमीच बसा चुलीपुढं." आण्णा म्हणायचे, "बसतो की. तू माइकवर जा, तुला सवय हाय बोलायची." लहानपणी मला वाटायचं, ही दोघं भांडतात. मोठी झाल्यावर समजलं की त्यांचा संसार यावरच चालला होता.

तीन वर्षांपूर्वी आण्णांच्या घशात गाठ निघाली. डॉक्टरांनी गाठीबरोबर स्वरयंत्रही काढलं. आण्णा वाचले, आवाज गेला.

*

आवाज गेला म्हणजे बोलणं गेलं असं नाही, हे मला तेव्हा कळलं. ‘पाणी’ म्हणायचं मनात आलं की मेंदू जीभ, ओठ, जबडा आणि हनुवटीखालचे स्नायू यांना हुकूम सोडतोच. स्नायूही आपापलं काम करतात. फक्त शेवटी वाजणारी वस्तू जागेवर नसते. गळपट्टी या स्नायूंमधली वीज टिपते. हनुवटीखाली चिकटवायची मऊ पट्टी, आतून चौसष्ट चकत्या. पट्टीकडून आलेले ठोके टेबलावरच्या पेटीत जातात. पेटी म्हणजे साधा डेस्कटॉप संगणक, त्यातला प्रोसेसर मात्र तगडा. तो ठोक्यांवरून शब्द ओळखतो आणि माणसाच्या जुन्या ध्वनिमुद्रणावरून घडवलेल्या त्याच्याच आवाजात बोलतो. आमच्या तालुक्यात तेव्हा अशा नऊ पेट्या होत्या.

इतरांकडं जुना आवाज म्हणून लग्नातला एखादा व्हिडिओ असायचा. आण्णांचे अकराशे तास होते, मैदानामागून मैदान. मी ते सगळे पेटीला ऐकवले. पहिल्या दिवशी पेटी अस्सल आण्णांच्या आवाजात "अगं ए" म्हणाली, तेव्हा आई पदर तोंडाला लावून आत गेली.

पण शब्द निघायला दीड सेकंद लागायचा. दीड सेकंद ऐकायला काहीच नाही. आईनं विचारावं, "मीठ बरोबर हाय का?" मग आण्णांचा जबडा हलायचा, आम्ही पेटीकडं बघायचो, तिच्या आतला पंखा घुमायचा आणि मग, "मिठात भाजी कमी पडलीया." तोवर आईनं दुसरी पोळी वाढलेली असायची. विनोद शिळा होऊन ताटात पडायचा. महिन्याभरात आईनं विचारणं सोडलं आणि आण्णांनी उत्तर देणं. मैदानाचा तर प्रश्नच नव्हता. दीड सेकंदात पैलवान दोनदा उलटतो.

मला माझे आण्णा परत हवे होते. म्हणून मी प्रोसेसर पळवायचं ठरवलं.

प्रोसेसरला घड्याळ असतं. एका ठोक्याला एक पाऊल, असं त्याचं काम चालतं. कारखाना सांगतो, अमुक वेगानं पळव. त्याहून जास्त पळवता येतं, पण मग त्याला वीजही चढ्या दाबानं, म्हणजे जास्त व्होल्टेजनं, द्यावी लागते, आणि तापतो म्हणून गारवाही द्यावा लागतो. दाब कमी पडला तर तो बंद पडत नाही, चुकतो. ती चूक आपल्याला दिसत नाही, हीच खरी भानगड. आमच्या चाळीत खाली सगळ्यांनी नळ सोडले की वरच्या मजल्यावर धार बारीक व्हायची, तसंच हे. काम वाढलं की प्रोसेसर वीज ओढतो, आणि नेमक्या त्याच क्षणी त्याच्या पायाशी दाब उतरतो.

पेटीत आणखी एक भाग होता. त्याला कंपनीनं नाव दिलं होतं ‘आडाखा’. ठरलेल्या वेळात प्रोसेसरचं गणित पुरं झालं नाही, तर हा माणूस आता बहुधा काय म्हणेल याचा आडाखा बांधून ते शब्द बोलून टाकायचे आणि वाक्याचं उरलेलं गणित सोडून द्यायचं, हे त्याचं काम. ठरलेली वेळ होती दीड सेकंद, तेवढ्यात गणित नेहमी पुरं व्हायचं, त्यामुळं आडाखा कधी जागाच झाला नव्हता. मी ती वेळ पाव सेकंदावर आणली. प्रोसेसरचं घड्याळ पाच गिगाहर्ट्झवरून साडेसहावर चढवलं. तांब्याचा ठोकळा बसवून त्यातून पाणी खेळवलं. व्होल्टेज १.३६ ठेवलं आणि पडद्यावर पाहिलं. १.३६. आण्णांना बोलायला लावलं. १.३६. पुस्तक वाचायला लावलं. १.३६, रेघेसारखं सरळ. मी खूष झाले. तो आकडा कुणी मोजला आणि कुठं मोजला, हे मी विचारलं नाही. मी, वर्षाराणी खराडे, मीटर तपासनीस.

*

दुसऱ्या दिवशी सकाळी आईनं चहाचा कप पुढं केला. आण्णांनी तो उचलला, तोंडाजवळ नेला आणि पेटी म्हणाली, "फक्कड!"

मी टाळी वाजवली. आई हसली नाही.

"चहा तोंडाला लावायच्या आधीच फक्कड?" ती म्हणाली. "हे बोलणं ह्यांचं न्हवं, वर्षे."

"आई, मशीन फास्ट झालं म्हणून तुला तसं वाटतंय."

"चव बघायच्या आधी तारीफ करणारा माणूस असता तर माझा जन्म सुखात गेला असता," आई म्हणाली, आणि आण्णा लगेच म्हणाले, "अजून हाय की थोडा जन्म, बघूया." आई खुदकन हसली. तो शब्द आण्णांचाच होता यात शंका नाही. मग मी पहिल्या शब्दाचा विचार कशाला करू?

पुढचे तीन आठवडे आमच्या घरात पुन्हा सवाल-जबाब घुमले. शेजारचे लोक ऐकायला यायचे. तायाप्पा आवळे रोज सकाळी येऊन बसायचा. तायाप्पा म्हणजे आण्णांच्या जोडीनं तीस वर्षं मैदानात हलगी वाजवणारा माणूस. तोच म्हणाला, "सर्जेराव, हणमंतवाडीचं मैदान बोलायचं."

आण्णांनी खुंटीवरच्या फेट्याकडं पाहिलं. मग पेटीतून आलं, "बोलायचं."

त्याच आठवड्यात आणखी एक गोष्ट घडली. मी स्वयंपाकघरात होते, आण्णा बाहेर कॉटवर पडलेले. मला पेटीचा आवाज आला, "पोरगी न्हाई, वाघीण हाय माझी."

मी चिरत होते तो कांदा तसाच राहिला. आण्णांनी हजार पैलवानांना वाघ म्हटलं असेल. मी दहावीला तालुक्यात पहिली आले तेव्हा मला म्हणाले होते, "दुसरी कोण आली? तिचं अक्षर बघून घे, तुझं वाईट हाय." मी बाहेर गेले नाही. गेले असते तर त्यांना लाजल्यासारखं झालं असतं, आणि मलाही. पण तो दिवस मी हवेत होते.

*

हणमंतवाडीचं मैदान खच्चून भरलं होतं. आण्णा पुन्हा बोलणार म्हणून लांबलांबून लोक आले होते. मी पेटी गाडीतून नेली, इन्व्हर्टरवर जोडली आणि माइकच्या टेबलाखाली ठेवली. आण्णांनी फेटा बांधला, गळपट्टी चढवली. पहिलं वाक्य बाहेर पडलं आणि मैदानातून अशी आरोळी उठली की मला पुढचं काही ऐकू आलं नाही. तायाप्पा हलगी वाजवता वाजवता डोळे पुसत होता.

साडेतीन तास आण्णा बोलले. शेवटची कुस्ती लागली बिरू मेटकरी आणि शहाजी पाटोळे यांची. बिरू आण्णांच्या जुन्या मित्राचा, गणपा वस्तादांचा पठ्ठा. तेवीस वर्षांचा, बोलायला लाजरा आणि पकडीला राक्षस. अठराव्या मिनिटाला बिरूनं शहाजीला खाली घेतलं आणि एका बाजूनं वळवायला सुरुवात केली. एक खांदा मातीत, दुसरा वीतभर वर. मैदान उभं राहिलं.

आणि कर्ण्यांतून आण्णांचा आवाज आला, "झाली कुस्ती!"

बिरूनं पकड सोडली. तो आनंदानं उठला, हात वर केला. पंच ओरडत होते, "न्हाई, न्हाई, चालू हाय!" शहाजीनं खालून त्याचा पाय धरला आणि दुसऱ्या क्षणी बिरूची पाठ मातीत होती.

नियमानं कुस्ती शहाजीची. पंचांचा निकाल लागायच्या आधी निवेदकाच्या शब्दावर कुणी पकड सोडली तर तो त्याचा दोष. पंचांनी हे सांगितलं तेव्हा सगळे आण्णांकडं बघत होते. आण्णांनी गळपट्टी काढली, घडी करून खिशात घातली आणि खाली उतरले.

दुसऱ्या दिवशी गणपा वस्ताद घरी आले. चहा घेतला नाही. "सर्जेराव," ते म्हणाले, "पोराला म्या लाखदा सांगितलं, पंचाच्या हाताकडं बघ. पर त्यो तुजा आवाज ऐकत वाढला. तुज्यावर पंचापेक्षा जास्त इश्वास हुता त्याचा."

आण्णांनी पाटी घेतली आणि त्यावर लिहिलं, ‘चूक माझी. मीच बोललो.’

वस्ताद गेल्यावर त्यांनी गळपट्टी कपाटात टाकली. आईनं काही विचारलं की मान हलवायचे, बस. आता दीड सेकंदाचा शब्दसुद्धा राहिला नव्हता.

*

"तुम्ही खरंच म्हणालात का ते?" मी विचारलं.

आण्णांनी पाटीवर लिहिलं, ‘माझाच आवाज होता.’

"आवाज नाही विचारला. तुम्ही म्हणालात का?"

त्यांनी पाटी पुसली. मग लिहिलं, ‘माहीत नाही.’

आपल्याच आवाजात, आपल्याच ढंगात आलेला शब्द माणूस आपलाच धरून चालतो. जीभ घसरली असेल म्हणतो आणि दोष डोक्यावर घेतो. छत्तीस वर्षांत न चुकलेल्या माणसाला आपण चुकलो की नाही हेच सांगता येत नव्हतं, आणि ती वेळ त्याच्यावर मी आणली होती.

त्या दिवशी मी रजा टाकली आणि प्रयोगशाळेतून सुईचा जुना मीटर घरी आणला. पेटी उघडली. पडद्यावर व्होल्टेजचा आकडा येतो, तो कुठं मोजलेला असतो हे शोधलं. तो वीज पाठवणाऱ्या भागाच्या दारात मोजलेला होता, प्रोसेसरच्या पायाशी नव्हे. वर एक सेकंदाची सरासरी काढून दाखवलेला. सेकंदात दहा खड्डे पडले तरी सरासरी रस्ता सपाट. आणि मी त्या मीटरलाच विचारत होते की बाबा, तू खरा आहेस ना?

मी सुईच्या मीटरच्या तारा थेट प्रोसेसरच्या पायाशी जोडल्या. गळपट्टीकडून आलेले मूळ ठोके पेटी सहा महिने साठवून ठेवते. म्हणजे आण्णांच्या स्नायूंनी त्या दिवशी मैदानात जे जे केलं, ते सगळं आत होतं. मी तेच ठोके पुन्हा पेटीतून सोडले आणि सुईकडं बघत बसले.

पहिल्या दहा मिनिटांतच खेळ समजला. शब्द येण्याआधी सुई खाली जायची. स्नायूंचे ठोके सोडवून त्यातून शब्द काढणं हे प्रोसेसरला जड काम, त्यासाठी तो वीज ओढायचा आणि दाब उतरायचा. १.३६ वरून १.२८. मग शब्द. पण मधूनच एखादा शब्द असा यायचा की सुई जागची हलायची नाही. तो आडाख्याचा शब्द. अंदाज बांधायला काही कष्ट पडत नाहीत, ना पेटीला ना माणसाला. सुई खाली गेली तर शब्द आण्णांचा. सुई हलली नाही आणि शब्द आला, तर तो पेटीचा.

मग मी शेवटची कुस्ती लावली. आण्णा चढत्या आवाजात बोलत होते, सुई धडाधड खाली-वर होत होती. "झाली" या शब्दाला ती १.२१ पर्यंत कोसळली. इतक्या कमी दाबावर गणित चुकतं. पेटीनं चूक ओळखली, गणित पुन्हा सुरू केलं, तोवर पाव सेकंद संपला. सुई वर येऊन थांबली. स्थिर. आणि स्थिर सुईवर पेटी म्हणाली, "कुस्ती!"

छत्तीस वर्षांत आण्णा ‘झाली’ म्हणाले की पुढं काय म्हणाले? शंभरातून नव्याण्णव वेळा ‘कुस्ती’. आडाख्यानं तेच जोडलं.

मी घड्याळ उतरवून कारखान्याच्या वेगावर आणलं, वेळेची अट काढून टाकली आणि तेच ठोके शेवटचं एकदा सोडले. आता पेटीला घाई नव्हती. सुई शब्दाशब्दाला सावकाश खाली गेली, आणि आण्णांचा आवाज आला, "झाली न्हाई, झाली न्हाई अजून, सोडू नकोस बिरू!"

मी ते तीनदा ऐकलं आणि तिथंच रडले.

*

काम तिथं थांबवता आलं असतं. पण तपासणी अर्धी करायची नसते. तीन आठवड्यांतले सगळे ठोके मी दोन्ही वेगांनी चालवले आणि जिथं सुई हलली नाही त्या प्रत्येक वाक्याची यादी काढली. एकशे चौदा निघाली. ‘फक्कड’ त्यात होतं. आण्णांनी तेव्हा फक्त घोट घ्यायला तोंड उघडलं होतं. आईचा कान माझ्या पडद्यापेक्षा खरा निघाला.

सत्त्याहत्तरावं वाक्य होतं, "पोरगी न्हाई, वाघीण हाय माझी." ‘पोरगी न्हाई’ला सुई खाली. पुढं स्थिर. कुठल्याही होतकरू पैलवानाला आण्णा म्हणायचे, "पोरगं न्हाई, वाघ हाय ह्यो." पेटीनं तेच बाईमाणसाला बेतून दिलं होतं. आण्णांचं मूळ वाक्य मी सावकाश ऐकलं. "पोरगी न्हाई व्हय घरात? तो पंखा बंद कर म्हणावं, थंडी वाजतीया."

मला आधी हसू आलं. मग वाईट वाटलं, चांगलंच वाईट वाटलं. यादीतून एक ओळ खोडायला काही लागत नाही. आण्णांना निर्दोष ठरवायला एकशे तेराही पुरल्या असत्या. पण बिरूचा घात एका जोडलेल्या शब्दानं झाला होता, आणि मला सोयीचा तेवढा जोडलेला शब्द मी ठेवून घेणार, हे मला जमलं नाही. मी पूर्ण यादी छापली.

आधी त्यांना मैदानातलं खरं वाक्य ऐकवलं. आण्णा ताठ बसले. आई म्हणाली, "बगा, म्या म्हनत हुते." आण्णांनी हात करून पुन्हा लावायला सांगितलं. तिसऱ्यांदा ऐकून झाल्यावर त्यांनी चष्मा लावला आणि यादी मागितली. एकेक ओळ बोट ठेवून वाचली. डावीकडं पेटी काय बोलली, उजवीकडं खरं काय होतं. काही ठिकाणी खांदे हलवत हसले. सत्त्याहत्तराव्या ओळीवर बोट थांबलं.

मी म्हणाले, "एक सांगा आण्णा. मैदानात गोंगाट होता, तिथं फसलात. इथं तर घर शांत होतं. पेटी भलतंच बोलली हे तुम्हाला कळलं असणार. मग खोडलं का नाही?"

आई मध्येच म्हणाली, "त्या दिशी ह्यांनी माझ्याकडनं खुणेनं गोधडी मागून घेतली. म्हटलं, ताप आला का काय."

आण्णांनी पाटी ओढली. लिहून माझ्याकडं न बघता पुढं सरकवली. पाटीवर दोन शब्द होते. ‘थंडी सोसली.’

*

पुढचा महिना मी पेटीवर घालवला, या वेळी शहाण्यासारखा. प्रोसेसरच्या पायाशी वीज साठवणारे जाड कपॅसिटर बसवले, तारा दुप्पट केल्या, घड्याळ सहावर आणलं. आडाखा बंद केला, नुसता बंद नाही, पुसून टाकला. दाब आता १.३० च्या खाली जात नव्हता. शब्द यायला लागायचा जेमतेम अर्धा सेकंद, आणि येईल तो आण्णांचाच.

"अर्ध्या सेकंदात कुस्ती निघून जाती," आण्णा म्हणाले. गळपट्टी पुन्हा चढवली होती, पण मैदानाचं नाव काढलं की कुरकुर.

तायाप्पा सुपारी कातरत होता. "तुज्या जबड्याकडं बघत म्या तीस वर्सं हलगी वाजीवली," तो म्हणाला. "तू तोंड उगडलंस की म्या काडी टाकतो. तुजा शब्द येईस्तवर लोकं हलगी ऐकत्याल. तुला वाटतंय लोकांना घाई हाय. घाई तुला हाय."

दीड महिन्यानं बेलवाडीच्या यात्रेत बिरू आणि शहाजीची कुस्ती पुन्हा जोडली. शहाजीनंच आग्रह धरला होता. तसं जिंकलेलं त्याला नको होतं. कुस्ती लागण्याआधी आण्णांनी माइकवरून हणमंतवाडीत काय झालं ते सगळं सांगितलं. पेटी, आडाखा, जोडलेला शब्द. मग म्हणाले, "आजपास्नं माझा शब्द जरा उशिरा येईल. पर माझाच येईल. पैलवान, हलगी वाजली म्हणून सोडायचं न्हाई. पंचाच्या हाताकडं बघायचं." आखाड्यात उभ्या बिरूनं वाकून त्यांना नमस्कार केला.

मी टेबलाखाली बसले होते, पेटीजवळ, आखाड्याकडं पाठ करून. डोळे सुईवर. बाहेर कुस्ती चालली होती ती मला कानानं कळत होती. जबडा हलला की तायाप्पाची काडी, खाली जाणारी सुई, मग आण्णा. कोणी काही शिकवलं नसताना तिघांचा एक ठेका जमला होता.

बावीस मिनिटं गेली. एकाएकी मैदान गप्प झालं. हलगी कडाडली. सुई खाली गेली, खोल, १.३० वर टेकली आणि तिथंच थरथरत राहिली. दहा हजार माणसं श्वास रोखून कर्ण्याकडं कान लावून होती, आणि त्या अर्ध्या सेकंदात फक्त मला माहीत होतं की आण्णांनी पाठ लागलेली पाहिली आहे.

"झाली," आण्णा म्हणाले. सुई वर आली नाही. "कुस्ती! बिरू मेटकरी!"

फेटे उडाले. गणपा वस्ताद टेबलावर चढून आण्णांना मिठी मारत होते, त्या धक्क्यानं पेटी हलली, म्हणून मी ती दोन्ही हातांनी धरून ठेवली. नजर अजून सुईवरच. सवय लागली होती.

सुई पुन्हा खाली गेली. चांगली खोल.

"वर्षे," कर्ण्यांतून आण्णांचा आवाज आला, "कुस्ती तिकडं झाली. तू हितं सुईत काय बघतीस, खुळे?"

सगळं मैदान हसलं. मी त्यांच्याआधी अर्धा सेकंद हसत होते.